हादरा न आलेल्या दिवशीची साइट व्हिजिट

"मॅडम, तुमच्या पाड्यात एकही घर पडलेलं नाही," दीक्षित सर फोनवर म्हणाले. "डिझास्टर हेडखाली हे मी बोर्डासमोर नेऊ कसं?"

दीक्षित सर मुंबईतल्या एका ट्रस्टचे प्रोग्रॅम ऑफिसर. म्हणजे पैसे देणारे आणि मागणारे यांच्या मधे बसलेला माणूस. मागणाऱ्यांच्या बाजूने त्यांच्याशी बोलणारी मी. माझ्या कार्डावर 'ग्रँट रायटिंग कन्सल्टंट' असं लिहिलंय. डहाणूत कोणी विचारलं तर मी सांगते, संस्थांसाठी प्रपोजल लिहिते. "म्हणजे अर्ज," असं आमचे शेजारी लगेच म्हणतात. साधारण तेच. फक्त या अर्जात काम काय, कोणासाठी, कसं करणार आणि पैसे संपल्यावर ते कोण चालवणार, हे समोरच्याला पटेल असं मांडावं लागतं. मोठ्या संस्थांकडून मी फी घेते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या छोट्या संस्थांकडून घेत नाही. आणि मिळालेल्या ग्रँटमधून टक्केवारी तर कोणाकडूनच नाही.

२०१८च्या दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली. एकच मोठा भूकंप नव्हे. लहान लहान हादरे, कधी एकाच दिवशी पुन्हा पुन्हा. थंडीत माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायला लागली. तलासरीजवळच्या एका पाड्यात विलासभाऊंची छोटी संस्था बालवाडी चालवायची. विटांची खोली, वर कौलं. भिंतींना तडे गेले तसे विलासभाऊ माझ्याकडे आले. "ताई, दुसरी खोली पाहिजे. पोरं येईनाशी झालीत."

मी प्रपोजल लिहिलं. तड्यांचे फोटो जोडले, भिंतींचं वर्णन केलं. त्यावर दीक्षित सरांचा हा फोन.

हेड म्हणजे खर्चाचा कप्पा. डिझास्टरच्या कप्प्यात पडलेली घरं बसत होती. शिक्षणाच्या कप्प्यात पुस्तकं, खेळणी, शिक्षिकेचं मानधन बसत होतं, बांधकाम नाही. आमची न पडलेली खोली दोन्हींकडे बसेना.

"सर, एकदा येऊन बघा."

"येतो. पण आश्वासन नाही हं."

ते आले. डहाणू रोड स्टेशनवरून मी त्यांना जीपने पाड्यावर नेलं. बालवाडी चालवणारी सविता दारातच उभी होती. ती त्याच पाड्यातली सून, बारावी झालेली, आवाज खणखणीत. तिने पोरांना गोल बसवलं होतं. आम्हीही चटईवर बसलो, चहा आला.

आणि काहीच हललं नाही. आदल्या दिवशी दोनदा हादरलेली जमीन त्या सकाळी अगदी शहाण्यासारखी पडून होती. विलासभाऊ अस्वस्थ. मी त्याहून अस्वस्थ. माणूस हादरा यावा म्हणून वाट बघतो, याची लाजही वाटत होती.

दीक्षित सरांनी उठून एका तड्यात बोट घातलं. "मॅडम, असे तडे माझ्या गिरगावच्या घरालाही आहेत."

"आज तो नाय यायचा सर," सविता म्हणाली. "पाहुणे बघून लपलाय."

ते हसले आणि पुन्हा चहाचा कप घेऊन बसले. पोरांचं गाणं सुरू झालं. तेवढ्यात बाहेरून घरघर आली आणि कौलं किंचित वाजली. गाणं मधेच तुटलं. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. पोरं उठली आणि दाराबाहेर गेली. सविताने सगळ्यात धाकटीला काखोटीला मारलं आणि ती शेवटी निघाली. मीही बाहेर होते, अनवाणी. कधी पळाले ते मला कळलंच नाही.

आत एकटे दीक्षित सर, हातात कप.

ते बाहेर आले तेव्हा खडीने भरलेला डंपर वळणापलीकडे जात होता. "डंपर होता," ते म्हणाले.

"हो सर. बाहेर आल्यावर कळतं," सविता म्हणाली. "आत असताना नाय कळत."

"मग आता घ्या की मुलांना आत."

सविताने हाक मारली. एकही पोर हललं नाही. सगळी आंब्याखाली एकमेकांना चिकटून उभी राहिली. थोड्या वेळाने एक आई आली आणि आपल्या मुलाला घेऊन गेली. मग दुसरी आली.

"रोज असंच होतं?" सरांनी विचारलं.

"रोज."

"मग शिकवता कधी?"

"दोन हादऱ्यांच्या मधे."

परतताना जीपमध्ये सरांनी प्रपोजल पुन्हा चाळलं. मग म्हणाले, "तुम्ही प्रपोजलमध्ये भिंती लिहिल्यात. पोरं लिहा. डिझास्टरचा नाद सोडा, शिक्षणाच्या हेडखाली अपवाद म्हणून मागा. मी बोर्डाशी बोलतो."

मी सगळं नव्याने लिहिलं. ओळखीच्या आर्किटेक्टकडून साधी खोली आखून घेतली. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर हलके पत्रे, आणि भिंती त्या पाड्यातल्या घरांसारख्याच कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेल्या. समोरासमोर दोन रुंद दारं.

पुन्हा सरांचा फोन. "कुडाच्या भिंतींवर बोर्ड अडलाय. कच्चं बांधकाम म्हणतायत. तुम्ही 'भूकंपरोधक' असा शब्द घाला, सोपं होईल."

"नाही घालणार, सर."

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"उद्या एखाद्या आईने त्या शब्दावर भरवसा ठेवला तर? आर्किटेक्टने तसं लिहून दिलेलं नाही. मी कशी लिहू?"

"बघा मग," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ग्रँट गेली, असंच मला वाटलं. विलासभाऊंना काय तोंड दाखवणार, हेही मनात आलं. पण मी लिहिलं ते एवढंच: ही खोली हलेल. मुलांच्या अंगावर पडेल असं जड सामान तिच्यात वापरलेलं नाही. आणि कोणत्याही मुलाला बाहेर पडायला दार जवळ असेल.

बोर्डाने मंजुरी दिली. त्या वाक्यांमुळेच दिली, असं दीक्षित सरांनी नंतर सांगितलं. एक वयस्कर ट्रस्टी म्हणाले होते म्हणे, की इतक्या वर्षांत आपल्याला काय जमणार नाही हे सांगणारं प्रपोजल पहिल्यांदाच वाचलं.

पावसाळ्याआधी खोली उभी राहिली. कुड पाड्यातल्याच बायका-पुरुषांनी घातला. सविताने लिंपणाला स्वतः हात लावला. मला बोलावून दाराचा कोयंडा लावण्याचा मान दिला. आजवर मोठमोठ्या ग्रँट मंजूर करून आणल्यात, पण त्या कोयंड्याचा स्क्रू पिळताना जेवढी ताठ उभी होते तेवढी कधी नव्हते.

काही दिवसांनी सविताचा फोन आला. "ताई, आज खराच आला. चांगला जोरात."

"पोरं?"

"पळाली बाहेर. मग परत आत आली. अर्धं गाणं राहिलं होतं ना!"

नवीन मुलं माझ्याकडे प्रपोजल शिकायला येतात, तेव्हा आधी मोडतोडीचे फोटो दाखवतात. मी ते बाजूला ठेवायला सांगते. काय मोडलंय ते इंजिनिअर लिहील. त्याच्यामुळे काय थांबलंय ते आपण लिहायचं, आणि जे आपल्याला माहीत नाही ते लिहायचं नाही. एवढं जमलं की इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालतं.