गवतातला म्हसोबा

लग्न होऊन वर्ष होत आलं तरी सायखेड्याच्या घरात माझा नेमका उपयोग काय, हे कोणालाच समजलं नव्हतं. मी थापलेल्या भाकरीला कोपरे यायचे. धार काढायला बसले की गाय मागे वळून बघायची, हे कोण आलं म्हणून! मी नाशिकची, भर पेठेत वाढलेली, चौथी पास. शेत पाहिलं होतं, ते टांग्यातून जाता जाता. अंगात गुण एकच, आणि तो गुण आहे असं फक्त मीच म्हणत असे. मला प्रत्येक गोष्ट बघायची असायची. हे काय? ते कशाला? याच्या खाली काय आहे?

"सूनबाई, झाकण उघडल्याबिगर पातेल्याजवळून जाशील का गं कधी?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विचारायच्या.

(नाही. अजूनही जात नाही.)

गोदावरीच्या काठाला आमची एक पट्टी होती. तिला लागूनच चुलत सासऱ्यांची, तात्यांची. मुळात जमीन एकच. वाटणी झाली तेव्हा मधला बांध कोणाचा, यावरून बिनसलं आणि दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. पट्टीतलं गवत काढायचं तर बांधावरचंही काढावं लागणार, आणि ते काढलं की दुसरा म्हणणार, "माझ्या बांधाला हात का लावला?" म्हणून कोणीच काढेना! महायुद्धाला अजून अवकाश होता, पण आमच्या बांधावर ते सुरू होऊन चांगलं रंगात आलं होतं. दोन्ही पट्ट्यांत कुंदा, हरळी, लव्हाळा, टाकळा, आघाडा असं माजलं होतं की उंटावर बसलेला माणूसही आत बुडाला असता. (गाजरगवत तेवढं नव्हतं. ते देशात यायचं होतं.)

पोळा झाला आणि आत्याबाईंनी जाहीर केलं, "दसऱ्यापतोर पट्टी साफ नाय झाली तर मी ती वाट्यानं कसायला देऊन टाकते."

त्या पट्टीत मिरच्या आणि वांगी लावायची असं मी मनाशी कधीचं ठरवलं होतं. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं.

"मी करते साफ," मी म्हणाले.

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "तू? खुरप्याची मूठ कुठली अन्‌ पातं कुठलं, ते तरी ठावं हाय का?"

"शिकेन की!"

"बरं. साफ करून दाखव, पट्टी तुझी. मिरच्या लाव नायतर मोगरा लाव. नाय जमलं तर जाईल वाट्यानं, अन्‌ पुन्हा शेताचं नाव काढायचं नाय."

एकटीने खुरपत बसले असते तर आजतागायत तिथेच असते. पण आमच्या ह्यांनी युक्ती सांगितली, "इर्जिक घाल." म्हणजे काय, तर गावातल्या बायाबापड्यांना आवतण द्यायचं. सगळे आपापलं खुरपं, विळा, कुदळ घेऊन येतात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत. आपण संध्याकाळी पोटभर जेवू घालायचं. मला ही रीत फारच आवडली. त्यात मला करण्यासारखं काही नव्हतं!

पण होतं. आत्याबाई म्हणाल्या, "आधी म्हसोबाला शेंदूर अन्‌ नारळ. आपला म्हसोबा पट्टीतच हाय, बाभळीपासनं जवळ. गवतात गडप झालाय. आदल्या दिशी जाऊन हुडकून ठेव."

हुडकायचं काम, आणि ते मला सांगितलेलं! मी शेंदूर, तेलाची वाटी आणि जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी घेऊन निघाले. बांधावरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकत होती. त्यांत शिरायला दार कुठून, ते बघण्यात बराच वेळ गेला. मग सापाची कात सापडली, ती उलगडून बघितली. कात इथे, तर साप कुठे, हा विचार त्यानंतर आला. मी उडी मारून पळाले आणि पायाला काहीतरी दणकन्‌ लागलं.

गवत बाजूला केलं. खाली काळा, पाठीवर बाक असलेला दगड. वरून इतका गुळगुळीत, की हात ठेवला तर घसरावा. पिढ्यान्‌पिढ्या तेल लावून आणि हात टेकून झाला असणार, दुसरं काय! मी अंगठा दाबून रक्त थांबवलं, म्हसोबाची क्षमा मागितली, त्याला शेंदूर फासला, वरच्या गवताला चिंधी बांधली आणि विजयी मुद्रेने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. आत्याबाई घरी लापशीच्या आणि भाकरीच्या मागे, हे गूळ आणायला निफाडला. म्हणजे मालकीण मी! बायकांची पुढारी सगुणाबाई. तिचं खुरपं चालू झालं की गवतच वाट सोडतं असं गावात म्हणत. चिंधी दिसली, शेंदूर दिसला, तिने नारळ फोडला, सगळ्यांनी हात जोडले.

"नवरीबाई, पात धर माझ्या शेजारी," सगुणाबाई म्हणाली. पात म्हणजे एकेकीने घ्यायची सरळ ओळ. माझी पात थोड्याच वेळात सगुणाबाईच्या पातीत शिरली, तिथून पलीकडच्या बाईच्या पातीत.

"अगं, तू गवत काढतीस का पाहुणी म्हणून समद्यांकडं हिंडतीस?"

पण माझा तरी काय इलाज? गवत हललं की खालून काहीतरी निघायचं. बैलाच्या गळ्यातली घंटी, गोगलगायीचे शंख, कोणाची तरी चिलीम. मी प्रत्येक वस्तू उचलून विचारायची, "हे कोणाचं?" आणि सगुणाबाई म्हणायची, "तुझ्या सासऱ्याचं! खुरप आता!"

इतक्यात तात्या आले. सोबत त्यांचा बैल, पाखऱ्या. त्यांनी पाखऱ्याला बाभळीला बांधलं, सावलीला बूड टेकलं, तंबाखू मळली आणि आमच्याकडे बघत राहिले. मी घाईने पदर पुढे ओढला. थोरल्या माणसाशी सुनेने बोलायचं नसतं, त्यातून या घराशी तर कोणीच बोलायचं नसतं.

'जळताहेत,' मी मनात म्हणाले. 'जळू देत! बघा म्हणावं, कशी साफ होते आमची पट्टी!' आणि कुदळ उचलून हरळीच्या मुळांवर असे घाव घातले की शेजारच्या बायका लांब सरकल्या. तात्यांनी दुपारी तिथेच भाकरी खाल्ली, एक डुलकी काढली, उठून पुन्हा बघायला लागले. एकदा तर त्यांनी राहिलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि घसा खाकरला. केवढा हा मत्सर! मी तो कोपरा स्वतः काढला.

उन्हं उतरली तेव्हा पट्टी तळहातासारखी झाली होती. हे आणि आत्याबाई गाडीत जेवणाची भांडी घेऊन आले. मी घामाने निथळत, हाताला फोड घेऊन पुढे झाले. आता आत्याबाई काय म्हणतात?

आत्याबाईंनी मोकळी पट्टी पाहिली. मग बाभळीच्या पलीकडचं उंच गवत पाहिलं. मग मला पाहिलं.

"अगं भवाने! ही त्यांची पट्टी!"

कोणी हललं नाही. ह्यांच्या डोक्यावरची गांधी टोपी तेवढी हातात आली.

"सगुणे, तुला तरी दिसलं नाय?"

"मला वाटलं तुमचं मिटलं असंल," सगुणाबाई म्हणाली. "देव दिसला, नारळ फुटला. मी कशाला विचारू कुणाची ते?"

आत्याबाई ताडताड बाभळीपाशी गेल्या. पण बोलणार कशा? अबोला होता ना! त्या पाखऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पाखऱ्या! इचार तुझ्या मालकाला, सकाळधरनं बसलाय, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

तात्याही बैलाकडेच वळले. "पाखऱ्या, सांग वहिनीला. बोलणं त्यांनीच बंद केलंय. मी कसा सांगणार?"

"पाखऱ्या, त्यांना म्हणावं खाकरायचं तरी होतं!"

"खाकरलो की! तुमची सून त्यो कोपरा बी काढून मोकळी झाली!"

पाखऱ्या बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होता. त्या दिवशी दोन्ही घरांतलं सगळं त्याच्या कानावर गेलं. शेवटी तात्या उठले. आमच्या म्हसोबापाशी गेले, वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला.

"अन्‌ पाखऱ्या, हे बी इचार. माझ्या विळ्याला धार लावायच्या दगडाला शेंदूर कुणी फासला?"

गुळगुळीत का होता, ते मला तेव्हा कळलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पदर पुढे ओढायला आणखी शिल्लक नव्हता.

लोक जेवले ते बांधावरच. इर्जिक राबलेली होती, लापशी शिजलेली होती. पण घास तोंडात घालता घालता सगुणाबाई ऐकवायची ते ऐकवत होती, "ज्याचं शेत झालं त्यो फुकट जेवतो बरं का!" तात्यांनी लापशीचं ताट बाजूला सारलं. निघताना ते बैलाला म्हणाले, "पाखऱ्या, सांग त्यांना. उद्या त्यांची पट्टी मी काढून देतो. बांधासकट."

दुसऱ्या दिवशी तात्या चार माणसं घेऊन आले. विळा काढला आणि सवयीने दगडाकडे वळले. तर दगडासमोर गावातल्या दोन बायका उदबत्ती लावून बसलेल्या! नव्या देवाची बातमी रातोरात गावभर झाली होती.

"तात्या, देवावर विळा घासता?" त्या ओरडल्या.

आता गवत तर काढायचं आणि विळे बोथट. तात्या चालत आमच्या दारात आले. पाखऱ्या बरोबर नव्हता. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, कोणी बैल दिसतो का म्हणून. मग मान खाली घालून म्हणाले,

"वहिनी, धार लावायला दगुड हाय का?"

आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "हाय," त्या म्हणाल्या. "अन्‌ बसा. चहा घेऊन जावा."

आमची पट्टी तात्यांनी तीन दिवसांत साफ केली. खरा म्हसोबा तिच्यातच निघाला, बाभळीच्या अलीकडे. बारीकसा, कलंडलेला, भेगांत जुना शेंदूर. कोणी त्याच्याकडे फारसं बघितलंच नाही. दसऱ्यानंतर मी मिरच्या लावल्या, वांगी लावली, आणि माझी वांगी सगळ्यात आधी मागायला आले ते तात्या.

तो धारेचा दगड मात्र आजही तिथेच आहे. वर छप्पर झालं आहे, अमावस्येला नारळ फुटतात, लोक म्हणतात नवसाला पावतो. मी कोणाला काही सांगत नाही. मला ठाऊक आहे, त्याला एकच काम येतं, धार लावायचं. त्यावर आमचे हे जन्मभर म्हणत आले, "तुझ्यावर त्याची पूर्ण कृपा झाली. फक्त तू त्याच्यापुढे खुरपं धरायला हवं होतंस, जीभ नव्हे!"