यजमानांच्या उजव्या बाजूला

परिषदेच्या समूहछायाचित्रात कोणत्या मंत्र्याने कुठे उभं राहायचं, हे जमिनीवर चिकटवलेले तळहाताएवढे झेंडे सांगतात. ते चिकटवण्याचं काम माझं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या इव्हेंट कंपनीत मी गेली अकरा वर्षं जगाला समान उंचीच्या खुर्च्या पुरवतो आहे.

त्या दिवशी मुलगी शिकायला परदेशी निघाली होती. विमान संध्याकाळी सहाचं. फोटो दोनला, म्हणजे तीनपर्यंत मी विमानतळावर. तसं तिला कबूल केलं होतं. फोटो होईपर्यंत मात्र दालनाची दारं बंद आणि फोन बाहेर, सुरक्षारक्षकांकडे.

शांतता आणि सुरक्षेच्या एका मोठ्या समितीत एक जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी दोन शेजारी देश उभे होते. सकाळी एकाने सगळ्यांना खजुराचे डबे वाटले. जेवणाआधी दुसऱ्याने त्याहून मोठे.

दोनला सगळे रांगेत आले. पहिल्या देशाचे मंत्री आपल्या झेंड्यावर पाय ठेवीनात.

"आमची जागा यजमानांच्या उजवीकडे ठरली होती," त्यांचा सचिव म्हणाला.

"उजवीकडेच आहे, सर," मी म्हणालो आणि खाली पाहिलं. झेंडे मी कॅमेऱ्याजवळून बघत लावले होते. माझी उजवी म्हणजे यजमानांची डावी.

मॅनेजर कानाशी आला. "किसने लगाया?"

"मैंने."

"चुप रह. बदल दे. यल्ला, जल्दी!"

मी गुडघ्यांवर बसून झेंडा खरवडायला लागलो. उजवीकडच्या झेंड्यावर दुसऱ्या देशाच्या मंत्र्यांचा बूट होता. चकचकीत, आणि तो हलेना. मिळालेली जागा सोडली तर मतदानाआधी काय दिसेल, असं ते वर कुणाला तरी समजावत होते. चारला कॉफी आली. मी त्या बुटाशेजारीच होतो.

शेवटी मी सचिवाला गाठलं. "सर, चूक माझी आहे. डावं-उजवं उलटं झालं. दुसरं काही नाही."

त्याने माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "चूक तुमची असून कशी चालेल? हा शेजाऱ्यांचा डाव आहे, असं आम्ही राजधानीला कळवून बसलोय."

माझ्या नोकरीची मला दुपारभर भीती होती. आता कळलं, माझी चूक कुणाला नकोच होती.

सव्वापाचला तोडगा निघाला. फोटो दोन काढायचे. एकात हे उजवीकडे, दुसऱ्यात ते. दोन्ही फोटोंत सगळे सारखेच हसले.

दारं उघडली. फोन हातात आला तेव्हा त्यावर चार मिस्ड कॉल होते आणि एक मेसेज: 'बाबा, बोर्डिंग. इट्स ओके. वर्ल्ड पीस डन?'

मी तिथेच, दारात उभा राहून लिहिलं: 'नाही गं. फोटो झाला.'

मेसेजपुढे एकच टिक आली. बराच वेळ दुसरी येते का, ते पाहत राहिलो. मग आत जाऊन झेंडे खरवडले.