दाराआडचं पाणी

परवा दुपारी हलीमाचाचीच्या स्वयंपाकघरात मी पकडली गेले. गुन्हा काय, तर पाणी पीत होते...

आधी थोडं मागचं. मी ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर कॅलिब्रेशनचं काम करते. म्हणजे मीटर जे दाखवतंय ते खरं आहे का, एवढंच तपासायचं. सध्या सुट्टीवर रत्नागिरीला आलेय, आणि रमजान चालू आहे.

चाची आमच्या पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या गल्लीच्या, खालच्या टोकाला राहते. तिची सना केमिस्ट्री शिकली, आमच्याच प्लांटच्या लॅबमध्ये तिची निवड झाली. सनाचे अब्बा कुवेतला ड्रायव्हर आहेत. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, तिची अम्मी म्हणेल तसं... आणि अम्मीचं काही ठरत नव्हतं. कळवायची मुदत संपत आली, तेव्हा सनाने मला बोलावून घेतलं.

पडवीत सनाचे आजोबा, म्हणजे चाचीचे सासरे, बसले होते. त्यांना आख्खी पाखाडी दादा म्हणते. उमेदीची वर्षं बोटीवर काढलेला माणूस, मत पक्कं... मुसलमानांचा मुल्क आहे, पोरीला तिथे कसली भीती?

चाची शांतपणे म्हणाली, "मुल्क मुसलमानांचा आहे म्हणूनच विचारते. इथे दीन-धरम माझ्या घरात आहे, त्याच्याकडे मी बघते. तिथे तो सरकारात आहे. मग माझ्या पोरीकडे कोण बघणार?"

मला प्रश्न आवडला. एरवी लोक बुरख्याचं विचारतात आणि उत्तराआधीच हळहळतात.

मी मला माहीत आहे तेवढंच सांगितलं. डोकं झाकायची सक्ती नाही, मी झाकत नाही. सुट्टी शुक्रवार-शनिवार. ईद कधी ते सरकार जाहीर करतं, मग त्यावर वाद नाही. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचनसुद्धा, सरकारी खात्याच्या नजरेखालून जातो. यावर दादा म्हणाले, म्हणजे इमामसाहेब सरकारी नोकर, पेन्शन बरी असेल...

मंदिराला नेमून दिलेली जागा आहे. आम्हा बौद्धांचा विहार काही मला अजून सापडलेला नाही, बुद्धपौर्णिमेला मी खोलीतच मेणबत्ती लावते. नमाज चुकली म्हणून मला ठाऊक असलेल्या कुणाच्या दारात कोणी विचारायला आलेलं नाही. पण रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणंपिणं कायद्याने बंद... सगळ्यांनाच, माझ्यासकट.

ऑफिसात रोजा न धरणाऱ्यांसाठी वेगळी खोली असते. दार लावायचं आणि खायचं. माझी ओमानी सुपरवायझर स्वतः रोज्यात असते, तरी त्या खोलीत प्यायचं पाणी आहे ना, हे न विसरता विचारते. हेही सांगितलं, कारण हेही खरं आहे.

चाचीने सगळं ऐकून घेतलं. तरी तिचं काही ठरेना. सना मध्येच उठून आत गेली होती.

बोलून माझा घसा सुकला. "आलेच" म्हणत उठले, स्वयंपाकघरात माठातून पाणी घेतलं आणि दाराच्या आड जाऊन उभी राहिले. विचार करून नाही... पाय आपोआप तिकडे गेले.

दाराआड आधीच कोणीतरी होतं. सना. हातात चपातीची गुंडाळी, तोंड भरलेलं.

बायकांना महिन्यातल्या त्या दिवसांत रोजा नसतो, हे मला माहीत होतं. पण घरातल्या पुरुषांसमोर कोणी खात नाही, आणि पडवीत दादा. आम्ही एकमेकींकडे बघत असतानाच दार सरकलं. चाची.

तिने आधी मला धरलं. "तू कशाला लपतेस गो? तुला कोणी रोजा धरायला सांगितला?"

सवय झाली, एवढंच म्हणाले. तिचा चेहरा उतरला.

"लहानपणी अजान व्हायच्या आधी ह्याच घरात भजी संपवायचीस तू. आता पाणी लपवून पितेस. मग माझी सना तिथून काय काय लपवायला शिकून येईल?"

मीटर थोडं थोडं सरकत जातं आणि मीटरला ते कळत नाही, दुसऱ्याशी ताडून बघावं लागतं. हे माझं रोजचं काम... स्वतःच्या बाबतीत कधी सुचलं नव्हतं.

उत्तर सनाने दिलं. आधी घास गिळला. "अम्मी, मी इथे कुठल्या सरकारला घाबरून उभी आहे?"

चाची ओढणी तोंडावर धरून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत. म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून मीही ह्याच दाराआड खाते.

बाहेरून दादांचा आवाज आला. "हलीमा, मला बहिरा समजतेस काय? तुझी सासूपण तिथेच जेवायची."

चाचीने दार सताड उघडलं, सनाला ताट वाढून स्टुलावर बसवलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. दादांनी तेवढी खुर्ची समुद्राकडे फिरवून घेतली.

चहा गाळता गाळता, आमच्याकडे न बघता, ती सनाला म्हणाली, "कळव त्यांना, येते म्हणून. पण सुट्टीला घरी आलीस की हे दार असंच उघडं."

संध्याकाळी मला इफ्तारला थांबवून घेतलं. भज्यांचं ताट माझ्यासमोरच होतं. मी अजान होईपर्यंत हात लावला नाही... तिथला कायदा इथे नव्हता, चाचीने सांगितलंही नव्हतं. मला थांबावंसं वाटलं, म्हणून थांबले.

चाचीने ते बघितलं असावं. खजूर झाल्यावर पहिलं भजं तिने माझ्या हातावर ठेवलं.