पंचनाम्यात न लिहिलेली ओळ

"दहशतवादी संघटनेचं कंबरडं मोडलंय," असं टीव्हीवर साहेब सांगायला लागले की मी आवाज बंद करतो. माझ्या अख्ख्या नोकरीत ते मोडतच होतं. दर वेळी आम्ही पेढे खाल्ले, आणि वर्ष-दोन वर्षांत नवी नावं, नवी पोरं.

मी हवालदार होतो आणि लालबागच्या एका मंडळाचा कार्यकर्ताही. आमच्या हलत्या देखाव्याची वायरिंग भोईवाड्यातला एक इलेक्ट्रिशियन करायचा. राक्षसाची मान हलायची, डोळे पेटायचे, ते त्याच्या टायमरवर. "दादा, बाप्पा तुमचा, करंट माझा," म्हणून हसायचा. त्याच्या धर्माचं आम्हाला काही वाटत नाही, असं आम्ही समजत होतो.

मग शहरात स्फोट झाला. वरून फोनवर फोन, संध्याकाळपर्यंत माणूस हवा. कुणीतरी त्याचं नाव घेतलं. खोलीवर धाड पडली, पंचनामा लिहायला मी. टायमर तीन नग, बॅटऱ्या, वायरची भेंडोळी. विसर्जनानंतर ते टायमर मीच त्याच्या घरी पोचवले होते. तो माझ्याकडे बघत राहिला. मी वस्तू लिहिल्या, कशासाठी ते लिहिलं नाही. साहेबांना घाबरलो, बस्स.

तो सहा वर्षं आत होता. दर तारखेला त्याचा धाकटा भाऊ डबा घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असे. मंडळातलं कुणी फिरकलं नाही. मी तर तो दिसला की फाइलमध्ये डोकं खुपसायचो. पुढे एक गोड बोलणारा गृहस्थ त्याच्या शेजारी उभा राहू लागला. चहा पाजायचा, आईची तब्येत विचारायचा, वकीलही त्यानेच बघून दिला. तो कोणाचा माणूस, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही माणसं पकडत होतो आणि संघटनेची माणसं त्यांच्या घरच्यांची विचारपूस करत होती.

थोरला निर्दोष सुटला. त्याच्या महिनाभर आधी धाकटा घर सोडून त्या गृहस्थाबरोबर निघून गेला होता.

आता मी रिटायर झालोय. परवा परळ नाक्यावर थोरला भेटला. दादा म्हणाला नाही.

"हवालदारसाहेब, भाऊ कधीतरी गावेल. जिंदा नाय तर मुर्दा. पंचनामा लिवायला तुमच्यातलाच कोणतरी येईल ना? त्याला सांगा, या वेळेस पूर्ण लिव."

 घरी येऊन कागद घेतला आणि लिहिलं: टायमर तीन नग, आमच्या गणपतीच्या देखाव्यातल्या राक्षसाची मान हलवण्यासाठी.