वैजयंती असती तर

"सूनबाई चांगली हाय रे. पण घरात आवाजच न्हाई. आपली वैजयंती असती, तर दणाणून गेलं असतं!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. बाळूकाका गेटपाशी चपला सरकवता सरकवता प्रशांतला सांगत होते, आणि मी खिडकीच्या आत कपबशा गोळा करत होते. प्रशांत म्हणजे माझा नवरा. आणि वैजयंती म्हणजे... थांबा, तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. मलाही लागला.

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा माझ्यासोबत दोन बॅगा होत्या. इथले किस्से मात्र आडतीतल्या तुरीच्या पोत्यांसारखे थप्पीनं रचलेले. खालचं एक ओढायला जावं, तर वरची चार अंगावर येतात!

तर, लातूरला एक लोकल केबल चॅनेल होतं. सेट-टॉप बॉक्स यायच्या आधीचं. बाळूकाका मालक, सलीमभाई वायरी ओढायचे आणि स्क्रीनखालून पळणारी पट्टी टाइप करायचे. प्रशांत कॅमेऱ्यावर. आणि रोज संध्याकाळी बातम्या वाचायला वैजयंती मॅडम. चॅनेल बंद पडलं. पुढं काही वर्षांनी, माझ्या लग्नाआधीच, मॅडमही आजारपणात गेल्या. उरलेले तिघं दर रविवारी जेवणं झाली की आमच्या हॉलमध्ये जमतात आणि त्यांना परत आणतात.

मी देगलूरची. मी ना ते चॅनेल पाहिलेलं, ना मॅडम. त्यामुळं माझं काम चहाचं.

*

पहिली ओळख झाली ती मॅडमच्या टेबलाची.

चॅनेल बंद झाल्यावर स्टुडिओतलं सामान विकलं, पण बातम्यांचं ते अर्धगोल टेबल प्रशांतनं घरी आणलं. तेच आमचं डायनिंग टेबल. समोरून चकाचक सनमायका, मागून नुसता खरबरीत प्लायवूड. कॅमेऱ्याला मागची बाजू दिसतच नव्हती ना!

पाहुणे समोर बसतात. मी भाजी चिरायला मागच्या बाजूला. तिथं आतून एक खिळा ठोकलेला आहे. मी त्याला हात पुसायचं फडकं अडकवलं, तर प्रशांत एकदम म्हणाला, "अगं, तिथं मॅडमची पर्स असायची!"

मी फडकं काढलं. दुसऱ्या दिवशी परत अडकवलं.

*

सासूबाईंनी लग्नात मला एक मोरपंखी साडी दिली. पदर सरळ करत म्हणाल्या, "लई शोधून घेतली होती बग. वैजयंतीनं बातम्यांत नेसली होती, डिट्टो तसलीच!"

त्याचं असं होतं, की गंजगोलाईच्या बाजारातला एक साडीवाला मॅडमना रोज एक नवी साडी वापरायला द्यायचा. बदल्यात पट्टीवर दुकानाचं नाव. किमतीचं लेबल तसंच पाठीमागं दडवायचं, आणि बुलेटिन झालं की घडी घालून साडी परत. सकाळी दुकान उघडायच्या आत पायऱ्यांवर बायका उभ्या, "कालची बातम्यातली दाखवा!"

एकदा सासूबाई स्वतः त्या पायऱ्यांवर होत्या. म्हणजे माझ्या लग्नाच्या साड्यांतसुद्धा ती बाई माझ्याआधी येऊन बसली होती!

साडी मला छान दिसते. सगळे म्हणतात. म्हणतात, "वैजयंतीची आठवण आली!"

*

पाण्याचा किस्सा तर मला आता झोपेतही सांगता येईल.

उन्हाळा. नळाला पाणी नाही, टँकरच्या वाटेकडं सगळ्यांचे डोळे. मॅडम बातम्या वाचत होत्या, आणि स्टुडिओखाली टँकरचा हॉर्न वाजला. सलीमभाई घागर घेऊन पळाले. बाळूकाका बादली घेऊन पळाले. प्रशांत कॅमेरा तसाच सोडून हंडा घेऊन पळाला. मॅडम एकट्या, आणि चॅनेल चालू!

मॅडमनी पापणी लववली नाही. कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आत्ताच हाती आलेल्या बातमीनुसार, आमच्या स्टुडिओखाली टँकर आला आहे. नागरिकांनी लाभ घ्यावा."

अर्ध्या लातूरनं लाभ घेतला. स्टाफ कोरडा!

"खाली आम्ही चेंगरून राहिलो, आन ही वर हसून राहिली!" बाळूकाका सांगतात आणि डोळे पुसतात. मी हसते. किस्सा चांगलाच आहे, तो काही माझा गुन्हा नाही. पण हसता हसता प्रशांतकडं बघते. त्याचा चेहरा असा उजळलेला असतो, की आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही तसा एक फोटो सापडत नाही.

*

गावात कुणी मोठं माणूस गेलं, की चॅनेलवर गाणी बंद, जाहिराती बंद. फक्त हार घातलेला फोटो, सनई आणि मॅडम. त्यांची एक पांढरी साडी त्यासाठी स्टुडिओच्या कपाटात कायम असायची. खालून श्रद्धांजलीची पट्टी. आपलं नाव पट्टीत आलं नाही, तर दुकानदार रुसायचे!

एक मोठे डॉक्टर वारले, तेव्हा सलीमभाईंनी घाईत एका मिठाईवाल्याची पट्टी सोडली. वर डॉक्टरांचा फोटो आणि खाली, "भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्याकडे शुद्ध तुपातले ताजे पेढे मिळतील."

बाळूकाका चिडले, तर सलीमभाई म्हणाले, "सेठ, मय क्या करूं? उनो जैसा लिक्के दिए, वैसाच छोड दिया!"

डॉक्टरांच्या घरून फोन आला. उचलायला कुणी धजेना. मॅडमनी फोन घेतला, ऐकला आणि ठेवला. "काय म्हणले?" "म्हणतात, तेराव्याला पेढे काय भावानं देतील ते विचारून सांगा."

*

आणि ते जुने पुढारी. नाव काय घ्यायचं, इकडं सगळ्यांना माहीत आहे.

ते हैदराबादच्या दवाखान्यात होते, तेव्हा बाळूकाकांनी श्रद्धांजलीचा कार्यक्रम आधीच तयार करून ठेवला. ऐनवेळी धावपळ नको! साहेब खडखडीत बरे होऊन परत आले. कुणीतरी चुगली केली. साहेब थेट स्टुडिओत येऊन बसले, "लाव रे माझं. बघू."

काय करता! लावलं. साहेबांनी पुरा कार्यक्रम चहा पीत बघितला. फोटो बदलायला सांगितला. विरोधकाचं भाषण कमी करायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही डोळे पुसत न्हाईत. लोकांना वाटंल, मी किरकोळच होतो."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आधी जा तर खरं. मग बघू रडायचं!"

साहेब इतके हसले, की ठसका लागला. आता आपण खरंच जातो, असं त्यांनाच वाटलं म्हणे!

पुढं ते खरंच गेले. मॅडमनी श्रद्धांजली कोरड्या डोळ्यांनी वाचली. मग खाली जाऊन स्कूटीवर बसून राहिल्या. किल्ली लावली, पण गाडी काही चालू केली नाही. हे प्रशांत सांगतो. तो तेव्हा खिडकीत उभा होता.

का उभा होता, हे मी विचारलं नाही.

*

ते सलीमभाईंनी न विचारता सांगितलं.

"भाभी, इसको पूछो, बुलेटिन खतम हुआ तो बी कॅमेरा कायको चालू रखता था!"

बाळूकाका टाळी देत म्हणाले, "हाव! मॅडम नमस्कार करून मोकळी, माईक काढून राहिली, आन याचं शूटिंग चालूच! लई टेप वाया घातल्या यानं माझ्या. पगारातून कापायला पाहिजे होत्या."

प्रशांतचे कान लाल झाले. "बंद करायला विसरायचो, काका."

"रोज?"

सगळे हसले. सासूबाईसुद्धा. मी टेबलाच्या मागच्या बाजूला बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. त्या दिवशी शेंगांचे तुकडे जरा बारीकच झाले.

जिवंत बाई असती, तर मी तिच्यात काहीतरी खोट काढली असती. हसते कशी, बोलते कशी, मीठ किती टाकते. पण गेलेल्या माणसाचं मीठ कधी जास्त होत नाही!

*

आमच्या देगलूरलाही किस्से आहेत बरं. एकदा मी धीर करून सुरुवातही केली, "आमच्याकडं एक केबलवाले होते..." तेवढ्यात बाळूकाका म्हणाले, "हाव हाव, केबलवरून आठवलं, वैजयंतीनं एकदा..."

तिथं राहिला तो किस्सा. तुम्हाला सांगते.

आमचे केबलवाले रोज रात्री घरूनच अख्ख्या देगलूरला पिक्चर दाखवायचे. मराठी, हिंदी, तेलुगू, सगळे पाळीपाळीनं. बायकोनं जेवायला हाक मारली, की पिक्चर थांबवायचे. हीरोचा हात गुंडाच्या तोंडासमोर, आणि देगलूर जेवायला! त्यांचा हात धुऊन झाला, की ठोसा बसायचा. आम्हीही ताटं त्याच हिशोबानं घ्यायचो.

पण कधी कधी पिक्चर मध्ये थांबायचाच नाही. सलग संपायचा. मग माझी आई वडिलांना म्हणायची, "आज परत भांडण झालंय वाटतं त्यांच्यात. हाक न्हाई मारली तिनं." आणि गावभर पोरं उपाशी!

चांगला आहे की नाही? पण त्यात वैजयंती नाही.

*

यंदा मॅडमच्या पुण्यतिथीला तिघांनी ठरवलं, की यूट्यूबवर त्यांची श्रद्धांजली टाकायची. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांची वाचली, आणि त्या गेल्या तेव्हा चॅनेलच नव्हतं! व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर भागलं होतं. हे ऐकताना, खरं सांगते, मलाही वाईट वाटलं.

"पर पढेगा कौन?" सलीमभाई म्हणाले.

प्रशांतनं माझ्याकडं बघितलं. "हिला वाचू द्या की. आवाज चांगलाय हिचा. कॉलेजात सूत्रसंचालन करायची."

त्यानं हे लक्षात ठेवलं होतं! मी "वाचते" म्हणायला तोंड उघडलं.

बाळूकाका टेबलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नको. वैजयंतीची जागा हाय ती. खुर्ची रिकामी ठिवू आन हार घालू. तेच शोभंल."

तोंड मिटलं. माझी स्पर्धा शेवटी एका रिकाम्या खुर्चीशी लागली होती, आणि खुर्ची जिंकली!

*

मागच्या रविवारी शूटिंग होतं. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, मागं खुर्ची ठेवली, खुर्चीला झेंडूचा हार. खिळ्यावरचं माझं फडकं कुणीतरी काढून ओट्यावर फेकलं होतं. प्रशांतनं जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या होत्या. आधी एखादं बुलेटिन निवडू, म्हणून टीव्हीला जोडलं. सासूबाई सोफ्यावर सरसावून बसल्या. मी चहा घेऊन दारात.

मी मॅडमना पहिल्यांदाच बघत होते.

साध्याच होत्या. माझ्याच वयाच्या. नव्यानंच लागल्या असाव्यात, कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होत्या. शेवटची बातमी झाली, त्यांनी नमस्कार केला. आणि कॅमेरा चालूच राहिला. "ये देखो, अपना हीरो!" सलीमभाई ओरडले. प्रशांतनं मान खाली घातली.

टीव्हीवर मॅडमनी माईक काढला. खाली वाकून पर्स घेतली, त्या खिळ्यावरची. आणि कॅमेऱ्याच्या मागून कुणीतरी कुणाला तरी हळू आवाजात म्हणालं,

"वाचती चांगलं रे. पण स्टुडिओत आवाजच न्हाई हिचा. आपली सुनंदा असती, तर दणाणून गेलं असतं!"

मॅडमचा हात पर्सवर तसाच राहिला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. मग मान वळवून थेट कॅमेऱ्यात. ओठांच्या एका कोपऱ्यातून हसल्या. मग टेप संपली.

सलीमभाई म्हणाले, "सेठ, ये तो तुमारीच आवाज है."

बाळूकाका पुसलेलं टेबल परत पुसायला लागले. "आसंल. तवा सुनंदा नुकतीच सोडून गेली होती. वैजयंतीच्या आधीची. लई भारी वाचायची..."

"कधी नाव न्हाई काढलं तुम्ही तिचं!" सासूबाई म्हणाल्या. "हाय कुठं ती आता?"

"नांदेडला दिली की तिला. नवऱ्याचं कापडाचं दुकान हाय. मागं नायगावला एका लग्नात भेटली होती. धडधाकट हाय."

मी ट्रे टेबलावर ठेवला. समोरच्या बाजूनं नाही, मागच्या. खुर्चीवरचा हार उचलून बाजूला ठेवला आणि बसले. सगळे माझ्याकडं बघत होते, अगदी कॅमेऱ्यासारखे.

"जिवंत हायत?" मी म्हणाले. "मग नाव निघायला त्यांना बी थांबावं लागंल काका, माझ्यासारखं."