वामनकाकांनी रंगवायला दिलेला गाल

वामनराव इंगोले यांची आणि माझी पहिली भेट अकोल्यातल्या त्यांच्या रंगभूषेच्या खोलीत झाली. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाले, "उद्या दाढी दोनदा करून ये. दुसऱ्यांदा उलटी." बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून मी घरी बसलो होतो. भेटेल तो विचारायचा, काहून सोडलं? काकांनी ते आजतागायत विचारलेलं नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात लिहिणाऱ्या थोरामोठ्यांनी त्यांची पन्नास वर्षं पाहिली आहेत. मी फक्त एक सिनेमा पाहिला. पण त्यातली एक दुपार मला लिहायलाच हवी.

सिनेमा जुन्या काळच्या संगीत नाटक मंडळीवरचा, प्रेमाचा आणि हसण्याचा. नायिकेचं काम करणारा पुरुष नट एका मुलीच्या प्रेमात पडतो, आणि ती त्याला बाई समजून आपल्या मनातलं सगळं सांगत बसते. नायक निखिल मुंबईहून आला होता. मी त्याच्या नाटकातली सखी, म्हणजे मीही लुगड्यातच. ही भूमिका मला गौरीमुळे मिळाली. ती वेशभूषा सांभाळत होती. माझा तापट स्वभाव दिग्दर्शकांच्या कानावर गेला होता, तेव्हा ती म्हणाली, "सर, हा भांडतो, पण कामात दगा देत नाही. याची जबाबदारी माझी." हे तिनं का केलं ते मला ठाऊक नाही. मी कशासाठी कबूल झालो ते मात्र सगळ्या युनिटला ठाऊक होतं.

सफेदा, पिवडी, काजळ यांच्या डब्या काका स्वतः भरतात. पुरुषाला बाई करणं त्यांच्या लेखी चेष्टेचं काम नाही. मी पहिल्यांदा नऊवारीत बाहेर आलो तेव्हा कोणीतरी शिटी मारली. काका शांतपणे म्हणाले, "शिटीवाले कोण? या, बसा खुर्चीत. तुमालेबी नेसवून देतो, मंग वाजवा." पुन्हा शिटी झाली नाही. दूर डोंगरात, धारणीकडच्या शाळांच्या स्नेहसंमेलनाला पोरांना रंगवायला ते या वयात जीपमधून हाडं खिळखिळी करून घेत जातात, आणि शेवटच्या पोराचं तोंड आपल्या हातानं धुतल्याशिवाय परतीला निघत नाहीत.

आता ती दुपार. अमरावतीच्या एका जुन्या सभागृहात चित्रीकरण होतं. प्रेक्षक म्हणून पगड्या घातलेली शंभरेक माणसं बसवली होती. प्रसंग असा, की भर नाटकात सखी जळफळाटानं नायिकेच्या थोबाडीत मारते. म्हणजे मी निखिलच्या. आदल्या दिवशी निऱ्या घालून घेताना तो आणि गौरी पोट धरून हसत होते. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, उद्या खरी मारायची, चांगली सणसणीत.

काका माझ्या चेहऱ्याला रंग लावत होते. त्यांची बोटं गालावर थांबली.

"कोणाले मारायचं हाय?"

मी नजर खिडकीकडे वळवली.

"निखिलले?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तुह्या जबड्यानं. दात आवळून राहिला तू. गौरीनं तुही जबाबदारी घेतली हाय, ध्यानात हाय न? तू मारशीन अन् काम तिचं जाईन."

"तिले काय फरक पडते? तिचं चाललंच हाय हसणं-खिदळणं."

मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. काकांनी ब्रश खाली ठेवला आणि निखिलला हाक मारली. "या इकडे. माझा हात अवघडला. तुमचा डावा गाल हा पोरगा रंगवीन."

निखिल माझ्यासमोर बसला. जो गाल फोडायचा, तोच माझ्या हातात. बोटाखाली तो थरथरत होता. वस्तऱ्याची एक बारीक चीर होती, तिथं रंग लागला तसा तो कळवळला. मग हळूच म्हणाला, "यार, मी जरा घाबरलोय. अंगावर हात आला की मी आधीच डोळे मिटतो, मागच्या सिनेमात त्यामुळे दोन टेक वाया गेले. गौरी म्हणाली, त्याच्यावर विश्वास ठेव, तो लागू देणार नाही."

काका पाठमोरे उभे राहून डब्यांची झाकणं लावत होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

सभागृहात दिवे लागले. निखिलनं डोळे उघडे ठेवले, अगदी माझ्या डोळ्यांत. माझा हात सुटला तेव्हा मला स्वतःलाच खात्री नव्हती. विंगेत गौरी टाचण्यांची डबी छातीशी धरून उभी होती. हात त्याच्या गालापासून बोटभर अंतरावरून गेला. पगडीवाले खो-खो हसले. "ओके!"

खोलीत परतलो आणि लुगड्यासकट खुर्चीत बसलो. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन काका म्हणाले, "रडायचं असन तर थांब, आधी काजळ पुसू दे." मग पुसता पुसता म्हणाले, "तू काय करणार होता, ते तिले सांग."

"अन् नाई सांगतलं तर?"

"तुही मर्जी. माह्या तोंडून जाणार नाही."

गेलं नाही. सिनेमा लागला, उतरलाही. मीच महिनोन्‌महिने हिंमत केली नाही. गौरी आजही हसून बोलते, आणि तिचा तो विश्वास मला चोरीच्या मालासारखा टोचतो. या ग्रंथासाठी लेख जमवण्याचं आणि तपासण्याचं काम तिच्याकडे आहे. म्हणजे हे कागद सर्वांत आधी तिच्याच हाती पडणार. म्हणून इथंच सांगतो : गौरी, त्या दिवशी मी खरंच मारणार होतो. तुझा शब्द मी राखला नाही, काकांनी राखला.

वामनकाकांना शंभरी लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि धारणीच्या पोरांची तोंडं धुवायला त्यांच्या पाठीत बळ राहो. हा लेख छापायचा की फाडायचा, ते गौरीनं ठरवावं. सत्काराच्या दिवशी काकांच्या पाया पडायला मी, काहीही ठरलं तरी, येणार आहे.