खोलीचा पत्ता विचारणाऱ्या ताई

आमच्या कोरोना चाचणी केंद्रातल्या ताई नाकात काडी घालण्याआधी माणसाला पत्ता विचारायच्या. "कंपनीचा नको, खोली सांगा. झोपता कुठं?" रांगेतला माणूस वैतागायचा. "नाक बघा की मॅडम, खोलीचं काय करताय?" ताई ढिम्म हलायच्या नाहीत. आम्ही त्यांचं नाव चौकशीबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

ताईंचे वडील देहूरोडला लष्करी कारखान्यात कामगार होते, त्या स्वतः कंत्राटी लॅब टेक्निशियन. पॉझिटिव्ह आलेले काही नमुने त्या जनुकीय तपासणीला पुण्याला पाठवायच्या. विषाणू जुनाच आहे की रूप बदलून आलाय, हे तिथून आठवड्या-दोन आठवड्यांनी कळायचं. "नवा आला एवढं कळून काय करायचंय? कुणाच्या खोलीत आला ते कळलं, तर शेजारची खोली वाचते," असं त्या म्हणायच्या. आमच्या साहेबांना मात्र आकडे कमी आणि कागद स्वच्छ हवे असायचे.

वडील वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ताईंनी एक दिवस रजा घेतली. नेमका त्याच दिवशी चाकणचा एक ठेकेदार बसभर कामगार घेऊन आला. हातात तयार यादी. पत्ता सगळ्यांचा कंपनीचं गेट, मोबाइल सगळ्यांपुढे त्याचा स्वतःचा. "पोरं शिफ्टमध्ये फोन उचलत न्हाईत भाऊ. रिपोर्ट मला येऊ द्या, मी सांगतो ना!" अशा याद्या ताई सरळ परत पाठवत. संगणकावर नोंदी करायचं काम माझं. रांग लांब होती, मी यादी जशीच्या तशी उतरवली.

पंधरवड्याने पुण्याहून कळलं, त्यातल्या एका कामगाराच्या नमुन्यात विषाणूचा नवा प्रकार आहे. ताईंनी ठेकेदाराला फोन लावला.

"तो गेला सोडून."

"पॉझिटिव्ह आहे हे सांगितलं होतं त्याला?"

"मॅडम, सगळ्यांना सांगत बसलो आणि लाइन बंद पडली, तर तुमी येणार का चालवायला?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी भर उन्हात चाकणच्या कांदा मार्केटमागच्या चाळी पालथ्या घातल्या. मी मागे, मान खाली घालून. चौथ्या चाळीत खोली सापडली. माणसं आठ, गाद्या चार. एक शिफ्टला गेला की दुसरा त्याच गादीवर. निम्मे खोकत होते. "ताप आला तं ठेकेदारानं गाडीत बसवून देलं त्याला," एक जण म्हणाला. "साधी सर्दी हाय, गावाकडं जाय म्हणला." त्याच्याकडून त्या पोराचा नंबर घेऊन ताईंनी तिथूनच फोन लावला. पोरगा नांदेडकडचा.

"मॅडम, माय गेली हो परवा. धाप लागून गेली. मला कुणी सांगितलंच नाही. मी तिच्याच हातचं खात होतो."

परतताना मी म्हणालो, "ताई, मला काय माहीत होतं?"

"तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या.

आजही संताप येतो. त्या नालायक ठेकेदाराला रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी मिळाला होता! एक वाक्य बोलायला त्याची जीभ झडली असती का? आणि साहेबांचा संताप कशावर, तर ताई चाकणला गेल्या यावर. "'पत्ता अपुरा' लिहा आणि मिटवा. नवा प्रकार आपल्या हद्दीत सापडला की वर उत्तरं मला द्यावी लागतात."

ताईंनी फाइलीत पानभर लिहिलं. चाळ, खोली, आठ जणांची नावं, ठेकेदाराचं नाव, नांदेडकडचं गाव, आणि शेवटची ओळ, 'रुग्णाची आई मयत'. खाली ठसठशीत सही.

महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. निरोपसमारंभ कसला, साधा चहासुद्धा कुणी विचारला नाही. पर्स खांद्याला अडकवून त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. "ते पान सांभाळ. पुढं कुणीतरी विचारील."

विचारलंही. त्यांच्या जागी आलेली मुलगी जुनी फाइल चाळत म्हणाली, "दादा, इथलं एक पान फाटलंय का?"

फाटलं नव्हतं. साहेबांनी हात पुढे केला होता आणि मी ते नीट काढून दिलं होतं.